दोन कागदांएवढी फट

झेरॉक्सचे दोन कागद एकावर एक ठेवा आणि चिमटीत धरून पाहा. किती जाडी भरली? जेमतेम ०.२ मिलिमीटर. आता विहिरीकाठच्या पत्र्याच्या खोलीतलं ते डिझेल इंजिन आठवा. एकट्या माणसाला जागचं न हलणारं ओतीव लोखंडाचं धूड, बाजूला गरगरणारं जडशीळ चाक आणि दोन शेतं ओलांडून ऐकू येणारी धडधड. हे सगळं धूड त्या दोन कागदांएवढ्या फटीच्या भरवशावर चालतं असं कुणी सांगितलं, तर विश्वास बसेल?

बसायला हवा. ही फट वाढली तर इंजिन कुरकुरतं, आणि बुजली तर एक दिवस मुकाट्याने मरतं.

आपल्याकडे फट म्हणजे बुजवायची गोष्ट. दाराची फट, कौलांची फट, भिंतीला गेलेला तडा. दिसली की लिंपून टाकायची. इथे मात्र माणसं पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि मापाच्या पात्या घेऊन फट राखायला बसतात. वर्कशॉपात या कामाचं नाव 'टॅपेट सेटिंग'. सरावाचा हात असेल तर एका सिलिंडरला फारसा वेळ लागत नाही. पण तेवढ्या वेळात हाताखालून काय काय नवल सरकून जातं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

एक खरंखुरं इंजिन समोर ठेवू. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. तिचं एव्ही-१ हे छोटं इंजिन कित्येकांनी विहिरीवर पाहिलं असेल, नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत. एकच सिलिंडर, त्याचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची वर-खाली चाल ११० मिलिमीटर, ताकद पाच हॉर्सपॉवर, वेग मिनिटाला १५०० फेरे.

यात स्पार्क प्लग नाही. मग डिझेल पेटवतं कोण? हवाच! सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, हा अनुभव तुमच्या बोटांना असेलच. दाबलेली हवा तापते. या इंजिनात पिस्टन साडेसोळा भाग जागेतली हवा एका भागात कोंबतो आणि ती ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. त्या धगीत डिझेलचा फवारा पडला की काडी न लावता भडका उडतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये ही युक्ती यशस्वी करून दाखवली, आणि आजही डिझेल इंजिन तिच्यावरच चालतं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: हवा जराशी जरी निसटली, तरी ती पुरेशी तापत नाही. डिझेल इंजिनात गळती म्हणजे काडेपेटीच ओली होणं.

पण हवा तर आत घ्यावी लागते आणि धूर बाहेर टाकावा लागतो. म्हणजे दारं हवीत. एक येण्याचं, एक जाण्याचं. हीच व्हॉल्व्हची जोडी; मिस्त्रींच्या तोंडी नुसतं 'वॉल'. दिसायला प्रत्येक व्हॉल्व्ह उलट्या धरलेल्या अळंबीसारखा: लांब दांडा आणि टोकाला चपटी टोपी. टोपीची तिरपी कड सिलिंडरच्या हेडमधल्या गोल बैठकीवर बसली की दार बंद. या बैठकीला 'सीट' म्हणतात.

आता पहिलं नवल. हे दार उघडतं आतल्या बाजूला. भडका उडाला की आतला दाब ते बाहेर ढकलायला बघतो, म्हणजे सीटवरच दाबतो. टोपीचा व्यास ३५ मिलिमीटर धरा आणि आतला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साठपट. हिशेब केला तर त्या टोपीवर पाच क्विंटलहून जास्त भार येतो! ना कडी, ना कुलूप. चोर जितका जोर लावेल तितकं दार अधिक घट्ट बसतं.

दुसरं नवल वेगाचं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या चालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. १५०० फेरे म्हणजे मिनिटाला ७५० वेळा, सेकंदाला साडेबारा वेळा. एक वेळचं उघडणं आणि मिटणं साधारण सेकंदाच्या चाळिसाव्या भागात उरकतं. तुमची पापणी लवायला त्याच्या निदान चौपट वेळ लागतो. तासाला ४५ हजार वेळा, हजार तासांत साडेचार कोटी वेळा. तुमचं हृदय मिनिटाला ७२ ठोक्यांनी वर्षभरात पावणेचार कोटींच्या आसपास ठोके मारतं. हृदयातही झडपाच असतात. फरक एवढाच की त्यांना कुणी भट्टीत बसवलेलं नसतं.

हे दार ठोठावतं कोण? इथून एक गमतीची साखळी सुरू होते. खाली क्रँक फिरतो. त्याचं दातेरी चाक कॅमशाफ्टचं चाक फिरवतं. कॅमशाफ्टच्या चाकाला बरोबर दुप्पट दाते असल्यामुळे तो निम्म्या वेगाने फिरतो, आणि म्हणूनच 'दोन फेऱ्यांत एकदा' हा नियम कधी चुकत नाही. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, ते कॅम. कॅम उचलतो टॅपेटला. टॅपेट उचलतो पुशरॉड नावाच्या सळईला. पुशरॉड वर जाऊन रॉकरचं एक टोक उचलतो. रॉकर म्हणजे सीसॉ. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येतं आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर टपली मारतं. दार उघडलं. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग दार ओढून घेते.

रॉकरचं ते टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्येच आपली फट. दोन कागदांएवढी.

पण ती ठेवायची कशाला? साखळी गच्च असती तर काम जास्त चोख झालं नसतं का?

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलंय? लोखंडाची धाव चाकापेक्षा मुद्दाम जराशी लहान करतात. आरावर लाल होईपर्यंत तापवली की ती मोठी होते, लाकडावर अलगद उतरते, आणि पाणी ओतलं की आक्रसून चाकाला करकचून आवळते. तापलं की लोखंड वाढतं. किती? मीटरभर पोलाद शंभर अंशांनी तापलं तर साधारण १.२ मिलिमीटर. आता धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह घ्या. त्याची टोपी ज्वाळेत राहून ६०० अंशांच्या वर जाऊ शकते, म्हणजे काळोखात पाहिली तर लालसर दिसेल इतकी. दांडा त्यापेक्षा थंड. १२ सेंटिमीटर लांबीचा व्हॉल्व्ह सरासरी ३०० अंशांनी तापला तर ०.४ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. त्याच वेळी भोवतालचं हेडही थोडं तापून वाढतं, त्यामुळे सगळी वाढ फटीवर येत नाही. पण उरलेली वाढ कुठे जाणार? त्या दोन कागदांच्या जागेत! थंड इंजिनातली ती रिकामी जागा म्हणजे तापल्यावर लांबणाऱ्या लोखंडासाठी राखून ठेवलेली बैठक.

आता ही फट बुजली असं समजा. लांबलेला दांडा वर रॉकरला टेकतो. रॉकर हटत नाही, कारण त्याच्या मागे पुशरॉड, टॅपेट आणि कॅम अशी पोलादाची रांग उभी आहे. मग टोपी सीटवर टेकत नाही. दार केसभर किलकिलं राहतं.

हँडल मारून इंजिन सुरू करणाऱ्याला हे लगेच कळेल. अशा इंजिनांवर डीकॉम्प्रेशनचा खटका असतो. तो उचलला की व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, हवा दाबली जात नाही आणि चाक हातांनी गरगर फिरवता येतं. चाकाने वेग घेतला की खटका पाडायचा, हवा कोंडते आणि धडाड! फट बुजणं म्हणजे हा खटका कायमचा अर्धवट उचलून ठेवणं. ती थंड इंजिनातही पुरती बुजली असेल, तर सकाळच्या गारठ्यात हँडल मारून मारून खांदे भरून येतात, पण इंजिन काही धरत नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. खरा घात पुढे आहे. ज्वाळेत भाजणारा हा व्हॉल्व्ह थंड कसा होतो, ठाऊक आहे? सीटवर बसून! त्याच्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश उष्णता त्या अरुंद तिरप्या कडेतून सीटमध्ये, तिथून हेडमध्ये आणि भोवतालच्या पाण्यात उतरते. उरलेली दांड्यावाटे जाते. दोन फेऱ्यांच्या वेळातला ढोबळमानाने एक तृतीयांश वेळ व्हॉल्व्ह उघडा असतो, दोन तृतीयांश वेळ बसलेला. ती बैठक म्हणजेच त्याची विश्रांती. दार किलकिलं राहिलं की विश्रांती संपली. वर त्या बारीक फटीतून ज्वाळा सुसाट बाहेर पडते, लोहाराच्या भात्यासारखी. थोड्याच दिवसांत टोपीची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी होते. यालाच 'वॉल जळाला' म्हणतात.

आणि हे सगळं घडत असताना इंजिन आवाज करत नाही.

सगळ्यात विलक्षण गोष्ट मला हीच वाटते. फट वाढली की वरून टिक्-टिक्-टिक् असा शिवणयंत्रासारखा आवाज येतो. मालक घाबरतो, मिस्त्रीला बोलावतो. फट कमी झाली की उलट आवाज मवाळ होतो. मालक खूश: इंजिन किती गोड चालतंय! म्हणून जुनेजाणते मिस्त्री वाजणाऱ्या टॅपेटला फारसे भीत नाहीत. त्यांना धास्ती असते ती अचानक गप्प झालेल्या टॅपेटची.

आवाज येतो तरी का? कॅमचा आकार नीट पाहिला तर उंचवटा एकदम सुरू होत नाही. त्याच्या पायथ्याशी एक अगदी हळुवार चढण ठेवलेली असते. फट ओलांडायचं काम त्या चढणीवर उरकतं. रॉकर दांड्याला सावकाश टेकतो आणि मग खरा चढ सुरू होतो. म्हणजे इंजिन घडवणाऱ्याने फट गृहीत धरूनच कॅम घासला आहे! रिकामी जागा आराखड्यात मोजून मांडलेली आहे. फट ठरल्यापेक्षा मोठी झाली की चढण संपते तरी रॉकर दांड्याला पोचलेला नसतो. मग तो भर वेगात येऊन आदळतो. ती टिक्-टिक् म्हणजे हातोड्याचे घाव. शिवाय दार उशिरा उघडतं, लवकर मिटतं आणि पुरतं उघडतही नाही. इंजिनाचा श्वास आखूड होतो.

आता प्रश्न असा: एकदा लावून दिलेली फट बदलते कशाने? झिजेने. पण झीज एकाच दिशेने जात नाही, ही यातली मेख. कॅम झिजला, टॅपेट झिजला, पुशरॉडची टोकं किंवा रॉकर झिजला, तर फट वाढते. उलट व्हॉल्व्ह कोट्यवधी वेळा आपटून सीट खोल गेली, तर टोपी वर सरकते, तिच्यासोबत दांडा वर येतो आणि फट कमी होते. दोन्हीकडून वाळू सरकणारं हे तराजूचं पारडं. अर्धी झीज इकडे, अर्धी तिकडे झाली तर फटीचा आकडा जागचा हलणारही नाही, आणि आत मात्र सगळंच झिजलेलं!

म्हणून एका मोजणीने भागत नाही. समजा दर काही शे तासांनी आकडा लिहून ठेवला आणि तो ०.२०, ०.१७, ०.१३ असा उतरत गेला. टोपी सीटमध्ये रुतत चालली आहे. तोच ०.२०, ०.२६, ०.३५ असा चढत गेला तर कॅम आणि टॅपेटकडे बघायला हवं. हेड न उतरवता, आत न डोकावता, नुसत्या रिकाम्या जागेच्या मापावरून कळलं की खाली काय चाललंय.

चला, आता झाकण उघडू.

खरं तर तपासणी त्याच्या आधीच सुरू होते. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडला लावतो आणि मूठ कानाला. पोलादातून आवाज थेट कानात उतरतो. फ्रान्समध्ये १८१६ साली रेने लाएनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीवर ठेवली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. दोघंही झडपाच ऐकत होते म्हणायचं!

मग इंजिन बंद. काही इंजिनांची फट थंड असताना मोजायची असते, काहींची गरम असताना. ते त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि तेच पाळायचं. झाकण काढून चाक हाताने फिरवत पिस्टन वरच्या टोकाला आणायचा. पण पिस्टन वर येतो दोनदा: एकदा हवा दाबून, एकदा धूर हाकलून. धुराच्या वेळी दोन्ही रॉकर हलताना दिसतात, एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडू लागलेला असतो. तिथे मोजलं तर सगळंच चुकलं. आपल्याला हवी आहे ती दुसरी वेळ, दोन्ही दारं मिटलेली. खूण सोपी: पुशरॉड बोटांनी फिरवून पाहा. सहज फिरला की कॅमची पाठ त्याच्याखाली आहे.

चार सिलिंडर असतील तर? इथे एक सुंदर कोडं आहे. १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात चौथ्याचे दोन्ही रॉकर डोलू लागले की पहिल्याची फट मोजायची. तिसऱ्याचे डोलले की दुसऱ्याची. बेरीज नेहमी पाच! सहा सिलिंडरांच्या १-५-३-६-२-४ या क्रमात बेरीज सात: सहा डोलला की एक, पाच डोलला की दोन, चार डोलला की तीन. यात जादू नाही. जोडीतले दोन पिस्टन एकत्रच वर येतात, पण एकाची पाळी दुसऱ्याहून पूर्ण फेराभर मागे असते. एक धूर हाकलत असतो तेव्हा त्याचा जोडीदार हवा दाबून बसलेला असतो.

आता फिलर गेज, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा पंखा. ठरलेल्या जाडीचं पातं फटीत सरकवायचं आणि ओढून पाहायचं. सैल नको, अडकायलाही नको. समोरच्याने दोन बोटांत हलकेच धरलेलं पत्त्याचं पान ओढताना जसं लागतं, तसं लागायला हवं. रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकाचा स्क्रू फिरवून फट कमी-जास्त करायची. स्क्रूच्या आट्या एकेक मिलिमीटर अंतरावर असतील तर पूर्ण एका फेऱ्याने एक मिलिमीटर, आणि फेऱ्याच्या दहाव्या हिश्शाने ०.१ मिलिमीटर. केसाएवढं माप आणि ते धरायला नुसतं मनगट! स्क्रूसारखी साधी वस्तू एवढी बारकाई आपल्या हातात देते. मग लॉक नट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं. आवळताना आट्या ताणल्या जातात आणि फट किंचित सरकते. दुसऱ्यांदा पातं न घालणारा इथेच फसतो.

पण थांबा. पातंच खोटं बोललं तर?

बोलतं! कोट्यवधी टपल्यांनंतर रॉकरच्या टोकावर दांड्याच्या रुंदीचा खळगा पडतो. फिलरचं सपाट पातं त्या खळग्याच्या दोन काठांवर पुलासारखं टेकतं. पातं सांगतं ०.२०, प्रत्यक्षात खळग्याच्या तळापर्यंत ०.३०. सेटिंग झाल्यावरही टॅपेट वाजतच राहतो आणि मिस्त्री डोकं खाजवतो. म्हणून आधी रॉकरच्या टोकावरून नख फिरवायचं. नख अडलं तर रॉकर आधी नीट घासून सपाट करायचा किंवा बदलायचा, मग मोजायचं. एवढ्या लोखंडी जंजाळात शेवटचा शब्द नखाचा.

रॉकर काढलाच आहे तर तो ज्यावर डोलतो तो शाफ्ट बघा. वरून चकचकीत, नव्यासारखा. आता तो उलटा करा: खालच्या अंगाला झिजेचे पट्टे. असं का? एका टोकाला पुशरॉड खालून वर रेटतो, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगही वरच रेटते. म्हणजे रॉकर सदैव शाफ्टच्या पोटाला दाबत असतो. वरून बघून 'ठीक आहे' म्हणणारा निम्माच शाफ्ट बघतो.

पुशरॉड काचेवर ठेवून लाटण्यासारखा फिरवायचा. वाकला असेल तर खालून उजेड डोकावतो. स्प्रिंगची लांबी नव्या स्प्रिंगशी ताडून पाहायची. थकलेली स्प्रिंग आखूड होते.

आणि आता टॅपेट. माझ्या मते साऱ्या साखळीतली सगळ्यात देखणी युक्ती इथे दडली आहे. टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण पुष्कळ इंजिनांत तो सपाट नसतो. तो किंचित फुगीर असतो, इतका किंचित की डोळ्यांना कळत नाही. कॅमही किंचित तिरपा घासलेला असतो. त्यामुळे कॅम टॅपेटला बरोबर मध्यावर न टेकता जरा बाजूला टेकतो, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो. प्रत्येक वेळी नवी जागा पुढे! झीज एका रेषेत न साचता साऱ्या तळावर वाटली जाते. निरोगी टॅपेटच्या तळाशी म्हणूनच गोल गोल वर्तुळं दिसतात, पाण्यात खडा टाकल्यासारखी. वर्तुळांऐवजी एकच सरळ चर दिसला तर समजायचं, हा फिरायचा थांबलाय. मग तोही जातो आणि त्याचा कॅमही.

वर्षानुवर्षं घासून कॅम आणि टॅपेट एकमेकांच्या अंगवळणी पडलेले असतात. म्हणून टॅपेट काढताना जाणता माणूस पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून ते क्रमाने ठेवतो. अदलाबदल झाली तर दोन्ही जोड्या बिघडतात. त्या दोघांच्या मध्ये आणखी एक अदृश्य राखणदार असतो. इंजिन ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन घालतात. दाब आणि घर्षण होईल तिथेच त्याचा काचेसारखा थर जमतो, केसाच्या जाडीच्या पाच-सातशेव्या हिश्शाएवढा पातळ. लोखंडाऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा जमतो. जखम व्हायच्या आधीच धरलेली खपली!

फटीचे आकडे सीट खोल गेल्याचं सांगत असतील तर मात्र हेड उतरवावंच लागतं. व्हॉल्व्ह बाहेर काढून दांडा गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीतून सरकतो तिच्यात, हलवून पाहायचा; फार डुगडुगला तर गाइड गेलं. टोपीची कड पात्यासारखी धारदार झाली असेल तर व्हॉल्व्ह टाकायचा, कारण पातळ कड उष्णता धरून ठेवते आणि आधी तीच जळते. चांगला असेल तर कडेला कार्बोरंडमची पेस्ट लावायची, टोपीला रबरी वाटीची काठी चिकटवायची आणि दोन तळहातांत ती काठी फिरवायची, अगदी ताकाची रवी घुसळावी तशी. मधूनमधून उचलून जागा बदलायची. पेस्टचा खरखर आवाज हळूहळू मऊ होत जातो, आणि पुसून पाहिलं तर कडेवर सलग राखाडी कडं उमटलेलं असतं. कुठेही तुटलेलं नाही, सगळीकडे सारख्या रुंदीचं.

परीक्षा घ्यायला रॉकेल. व्हॉल्व्ह बसवून मागच्या वाटेत रॉकेल ओतायचं आणि थांबायचं. कडेभोवती ओल दिसली की पुन्हा घासायचं. नाही दिसली तर पोलादावर पोलाद नुसतं टेकलंय, मध्ये ना रबर ना वॉशर, तरी थेंब निसटत नाही. हाताने केलेलं काम आहे हे!

मग ही फट आपोआप राखता येणार नाही का? येते. १९३० साली कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या गाडीत तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा आली आणि फट सतत तेलानेच भरली जाऊ लागली. आज कित्येक गाड्यांत तशीच सोय असते, आणि टॅपेट सेटिंग हा शब्दही त्यांच्या मालकांच्या कानावर पडत नाही. पण शेतातल्या इंजिनांत, कित्येक जनरेटरांत आणि अवजड वाहनांत अजूनही साधा स्क्रू, लॉक नट आणि ती फट टिकून आहे. बिघडण्यासारखं त्यात काही नाही, आणि ती मोजायला दोन हात पुरतात.

सगळं बसवून झालं. हँडल लावलं, खटका वर, चाक गरगर, खटका खाली. पहिला धूर काळा, दुसरा करडा, मग धडधड सरळ रेषेत येते. कान दिला तर त्या धडधडीच्या वर बारीक टिकटिक ऐकू येते. ती तेवढी असायलाच हवी. मिस्त्री पात्या फडक्याने पुसून पंखा मिटतो. खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली आकड्यांची रांग आहे: ०.२०, ०.१८, ०.१५. तिच्याखाली तो आजची तारीख आणि ०.२० लिहितो, आणि पुढच्या आकड्यासाठी खाली जरा जागा सोडतो.